बूनूकाकांच्या मचव्याचं भोक

११ जानेवारी १९८६

म्वानातूमू, सलाम.

मागची तीन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. बोटीवरचा माणूस ती माझ्या हातात देताना असा चेहरा करतो, जणू नासलेले मासे परत आणलेत. हे चौथं. हेही परत आलं तर पाचवं लिहीन. शाळेत तू मला गाढवीण म्हणायचीस ना, मग आता गाढविणीचा हट्ट बघ.

या पत्राची एक प्रत मी स्वतःजवळ ठेवते आहे. पुढेमागे वकिलाला दाखवावी लागेल, म्हणून तुला माहीत असलेलंही क्रमानं लिहिते.

जून चौऱ्याऐंशीत तुझ्या वडिलांचा, बूनूकाकांचा मचवा फाझाहून लामूला निघाला आणि उपसागरात उलटला. अकरा माणसं होती, त्यांतली तीन गेली: सियू गावची टोप्या शिवणारी सोमोए, बी तिमाचे यजमान ओमारी आणि माझी आई. पुढच्या फेब्रुवारीत पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कोर्टात खटला चालला. काका बाजूनी नावाची आपली बोली बोलत होते, न्यायाधीश डोंगराकडचे, आणि मध्ये दुभाषी म्हणून मी. काकांना पाच वर्षं झाली.

त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

नव्या वर्षापासून मला दुभाष्यांची प्रमुख केलंय. दोन नवे उमेदवार शिकवायला दिलेत. त्यांतली सिडी नावाची गिरियामा जमातीची मुलगी फार चौकस आहे. परवा मी त्यांना सांगत होते की इंग्रजीत एकच शब्द आहे, 'होल', आणि तो ऐकला की आपल्या अंगावर काटा यायला हवा. कारण आपल्याकडे जमिनीत खणलं, खाली तळ लागला, तर ते शिमो. आरपार गेलं, किल्लीचं असो, सुईचं असो, नाकपुडी असो, तर ते टुंडू. काही घुसून पडलं तर टोबो. कुणी न पाडता आपोआप पडली ती भेग, ऊफा. दोन दातांमधली देखणी फट म्वान्या, आणि दात पडून उरते ती रिकामी जागा पेंगो. माणूस गेल्यावर घरात उरतो तोही पेंगोच. कानाच्या पाळीला टोचलेल्या भोकाला तर स्वतःचं नाव आहे, न्देवे. साक्षीदार यांतलं कोणतं म्हणाला ते ऐका, मग तोंड उघडा.

सिडीनं हात वर केला. "बाई, मचव्याच्या तळाला बूच लावायचं भोक असतं, त्याला काय म्हणायचं?"

"टुंडू," मी म्हटलं.

"आणि इंग्रजीत?"

मी त्यांना जेवायला सोडलं. अजून अकराही वाजले नव्हते.

कोर्टात तू शेवटच्या बाकावर होतीस. काका काय बोलले ते तू ऐकलंस, पण माझ्या तोंडून इंग्रजीत काय बाहेर पडलं ते तुला कळलं नाही. पोलिसांनी फोटो दाखवला होता: किनाऱ्यावर ओढलेला मचवा आणि त्याच्या तळाला उघडं गोल भोक. न्यायाधीशांनी विचारलं, "हे भोक तुला माहीत होतं?" काकांनी सांगितलं ते मी भाषांतरित केलं: हो, मला ते पहिल्यापासून माहीत होतं, मी स्वतः ते बुजवत असे. टुंडूचं 'होल' झालं. ऐकणाऱ्याला वाटलं, नाखव्यानं फुटका मचवा बोळे कोंबून समुद्रात घातला.

चूक शब्दाची होती. माझी नव्हती असं म्हणत नाही. पण शब्दाची होती.

मी ती दुरुस्त करणार आहे. पुढच्या आठवड्यात काकांना भेटायला तुरुंगात जाते.

त्वाइबा


२ फेब्रुवारी

म्वानातूमू, सलाम.

पत्र परत आलं नाही. ठेवलंस की चुलीत घातलंस, मला माहीत नाही. ठेवलंस असं धरून चालते.

काकांना भेटले. तब्येत बरी आहे, दाढी पार पांढरी झाली आहे. गुडघा दुखतो, पण ते सांगत नाहीत, बसताना कळतं. मला पाहिल्यावर काय म्हणाले असतील? मला वाटलं होतं, तोंड फिरवतील.

"कोण? शेखाची पोर? ये, ये. किती वाळलीस! सरकार खायला घालत नाही का?"

"काका, मी कोर्टात होते. दुभाषी."

"होतीस की. मी ओळखलं नाही होय? उलट मनात म्हटलं, चला, आपल्यातलं कुणीतरी आहे."

म्वानातूमू, हे वाक्य मी तुला जसंच्या तसं लिहिते आहे. मला ते ऐकताना जे झालं ते लिहीत नाही.

मी आईबद्दल विचारलं. शेवटी काय झालं, ते मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. काका बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

"निघाल्यापासून भांडत होती माझ्याशी. 'बूनू, वारा वाढलाय, शीड कमी कर.' मी म्हटलं, 'शेखा, तू घरी भाकऱ्या भाज, मचवा मला हाकू दे.' सगळे हसले. तीसुद्धा हसली. म्हणाली, 'भाकरी करपली तर निदान कुणी बुडत नाही.' थोड्या वेळानं शिडाची आडवी काठी मोडली, शीड पाण्यात पडलं, मचवा आडवा झाला. लाट आत आली. मी तिचा हात धरला होता, त्वाइबा. मग दुसरी लाट आली."

पहारेकरी घड्याळ बघत होता.

"शीड कमी करायला हवं होतं," काका म्हणाले. "तिचं ऐकायला हवं होतं. त्याची शिक्षा भोगतोय. बरोबर आहे ती."

"पण काका, शिक्षा शिडासाठी नाही झाली. भोकासाठी झाली."

"कुठल्या भोकासाठी?"

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीतच नाही. त्यांच्या वकिलानं निकाल समजावून सांगितला नाही, मीही सांगितला नाही, तूही त्यांच्या कानावर घातलेला दिसत नाही. त्या दिवशी मी फक्त वर्षं सांगितली होती, पाच. त्यांना वाटत होतं, तीन माणसं गेली, नाखवा जिवंत राहिला, म्हणून नाखवा आत. मी निकालातली ओळ म्हणून दाखवली: आरोपीनं मचव्याला भोक असल्याचं माहीत असूनही प्रवासी घेतले.

काका उठून उभे राहिले, गुडघ्यासकट.

"माझा मचवा फुटका म्हणतात?"

"तसं लिहिलंय."

"बुचाचं टुंडू? अगं, ते भोक नसलेला मचवा दाखव मला या किनाऱ्यावर! किनाऱ्याला ओढला की बूच काढायचं, आतलं पाणी सोडायचं. बुडालेला मचवा फाझाच्या माणसांनी ओढला, बूच काढलं, पाणी सोडलं. न काढता कसा ओढतील? पोलीस दुसऱ्या दिवशी आला फोटो काढायला. हे काय कुणाला सांगायचं असतं?"

"कोर्टाला सांगायचं असतं, काका."

"आणि वाचलेले? ते काय म्हणाले?"

"पाणी खालून चढलं म्हणाले."

"पाणी काय वरून चढतं?"

मग ते खाली बसले. एवढे चिडलेले मी त्यांना आयुष्यात पाहिले नव्हते. पाच वर्षं त्यांनी मुकाट्यानं घेतली होती, 'फुटका' हा शब्द मात्र त्यांना घेता आला नाही. तो मचवा त्यांनी स्वतः बांधलाय, तुला ठाऊक आहे. आपण दोघी फळ्यांच्या फटींत कापूस ठासायला बसायचो आणि शार्कच्या तेलाच्या वासानं आठवडाभर आपल्याशेजारी कुणी बसायचं नाही.

"कुठं अंगठा लावायचा ते सांग," काका म्हणाले.

मी वकील बघितलाय. म्वाचोफी त्यांचं नाव. समुद्राचं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण ऐकून घेतात.

त्वाइबा


२० फेब्रुवारी

म्वानातूमू,

काल फाझाच्या बोटीवरच्या माणसानं तुझा निरोप दिला. चार शब्द. "तिला विचार, सगळं सांगितलंस?"

नाही. सगळं नाही सांगितलं.

दहा दिवस मी हे पत्र लिहायचं टाळते आहे. तुझा निरोप आला नसता तरी लिहिलं असतं, असं लिहायचा मोह होतो आहे. पण नसतं लिहिलं.

काका त्या दिवशी काय म्हणाले, तू ऐकलंस, मीही ऐकलं. न्यायाधीशांनी फोटो पुढे केला आणि काका थोडे हसले. म्हणाले, "साहेब, हे टुंडू मला माहीत नसेल तर कुणाला? मचवा बांधला त्या दिवसापासून आहे. मीच उघडतो, मीच बंद करतो."

मीच उघडतो. हे मी गाळलं.

'मीच बंद करतो' एवढंच इंग्रजीत सांगितलं. गळक्या भोकाला कुणी मुद्दाम उघडत नाही, म्वानातूमू. 'उघडतो' म्हटलं असतं, तर त्या डोंगराकडच्या माणसानंही भुवया उंचावून विचारलं असतं, का उघडतोस? आणि काकांनी सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

मी विसरले नाही. अडखळलेही नाही. ते दोन शब्द माझ्या तोंडात आले होते. मी समोर पाहिलं, काका हसत होते आणि माझी आई आठ महिने मातीत होती. मला वाटलं, हा माणूस हसतो कसा? मी त्यांना बंद केलं. एवढंच. नंतर मला पाणी हवं होतं, मी मागितलं, पेला दोन्ही हातांनी धरला. हे मला स्वच्छ आठवतं.

मेलेल्यांतली एक माझी आई आहे, हे मी कोर्टाला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मला त्या खटल्यावरून काढलं असतं. मृतांच्या यादीत तिचं नाव तिच्या बापाच्या नावानं, शेखा बिन्ती अली; माझं माझ्या बापाच्या नावानं. कुणी विचारलं नाही. मला त्या खटल्यावरून हटायचं नव्हतं.

इंग्रजीत शब्द नाही वगैरे जे मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खरं आहे, आणि त्याच्याआड मी लपले तेही खरं आहे. भाषेला पुढे करून मागे उभं राहणं माझ्या धंद्यात सोपं असतं.

आता सगळं सांगितलं.

त्वाइबा


९ एप्रिल

म्वानातूमू, सलाम.

उशिरा अपील करायची परवानगी मिळाली. तारीख जूनमधली आहे, शहरातल्या वरच्या कोर्टात.

म्वाचोफींना मी सगळं सांगितलं. तुला लिहिलेल्या पत्रांच्या प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई, मी एक सांगू? तुम्ही म्हणा, बोलीभाषा कळली नाही. गडबडीत एक क्रियापद राहिलं. माणूस आहे, चुकतो. कोर्ट समजून घेईल, तुमची नोकरीही राहील."

"आणि सरकारी वकील विचारेल, तेव्हा कळलं नव्हतं तर आता कसं आठवलं?"

"विचारेल. पण त्याचं काहीतरी उत्तर—"

"उत्तर एकच आहे. तेव्हा कळलं होतं."

"तुमच्यावर खटला होऊ शकतो."

"होऊ दे."

"तुम्हाला तुरुंग माहीत नाही."

"आठवड्याला एकदा जाते मी, म्वाचोफीसाहेब. तिथल्या पहारेकऱ्याच्या मुलीचं नावसुद्धा माहीत आहे."

ते हसले आणि मग हसले म्हणून ओशाळले. मी त्यांना बंदरावर घेऊन गेले. एक मचवा ओहोटीला कलंडून पडला होता, त्याचा तळ दाखवला, बूच काढायला लावलं. बुचाला गुंडाळलेल्या चिंधीवर तेल होतं. कोटाच्या बाहीला लागलं. "जाणार नाही हे," मी म्हटलं. म्हणाले, "असू दे, न्यायाधीशांना दाखवतो."

नाखवे लोकांपैकी पाच जण साक्षीला येतो म्हणालेत. ते काहीही सांगोत, कागदावर काकांच्या तोंडी जे वाक्य आहे ते माझं आहे. ते मलाच पुसायला हवं.

तू काकांना भेटायला मंगळवारी जातेस, असं पहारेकरी सांगत होता. मी शनिवारी जाते. तुझा दिवस मी धरणार नाही.

त्वाइबा


१८ जून

म्वानातूमू,

काल तू कोर्टात डाव्या बाजूला तिसऱ्या बाकावर होतीस. तरी लिहिते. तुला अर्धंच ऐकू आलं असेल, पंखा फार आवाज करत होता.

मी साक्ष आपल्या भाषेत द्यायची ठरवलं. आणि दुभाषी म्हणून कोण पुढं यावं? सिडी. तिची बदली तिथं झाली आहे.

आधी मला शब्द विचारले. शिमो, टुंडू, टोबो, ऊफा. न्यायमूर्तींनी एकेक लिहून घेतला. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "मचवा फुटला असता तर या माणसानं कोणता शब्द वापरला असता?"

"खडकानं फुटला असता तर टोबो. फळी उकलली असती तर ऊफा. टुंडू म्हणाला नसता. स्वतःच्या नाकपुडीला कुणी जखम म्हणत नाही, साहेब."

मागे नाखवे लोक हसले. शिपायानं त्यांना गप्प केलं.

सरकारी वकील उठला. "दीड वर्षापूर्वीचं एक वाक्य तुम्हाला शब्दन् शब्द आठवतं?"

"हो."

"रोज डझनभर साक्षी भाषांतरित करता. हेच का आठवावं?"

"कारण ते मी मुद्दाम मोडलं."

सिडी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला मला वाचवायचं होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. इंग्रजीत 'मोडलं'ऐवजी 'चुकलं' म्हणणं किती सोपं, मला माहीत आहे. मीच तिची शिक्षिका.

"जसंच्या तसं, सिडी," मी म्हटलं.

तिनं जसंच्या तसं सांगितलं. न्यायमूर्तींनी विचारलं, का? मी आईचं नाव घेतलं. शेखा बिन्ती अली. त्यांनी यादी उलटली, बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मग तुझ्या वडिलांनी काय केलं ते तू पाहिलंसच. म्वाचोफींनी दहादा बजावलं होतं, विचारलं तेवढंच बोला. न्यायमूर्तींनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? काका उभे राहिले. "मचवा धड होता. शीड जास्त होतं. शेखानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हे लिहा. ते दुसरं खोडा."

म्वाचोफींनी कपाळाला हात लावला. न्यायमूर्ती मात्र लिहीत राहिले. जाताना म्हणाले, वाऱ्याचा अंदाज चुकणं आणि फुटका मचवा हाकणं यांत फरक आहे. निकाल तीन आठवड्यांनी.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावरून गेलीस. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती का, मला कळलं नाही.

त्वाइबा


२९ जुलै

म्वानातूमू, सलाम.

निकाल फिरला, काका घरी आले, फाझाभर बातमी आहे. तुरुंगाच्या फाटकाशी मीही होते, रस्त्याच्या पलीकडे, आंब्याखाली. तू त्यांना नवा कांझू घातलास, बाह्या लांब झाल्या म्हणून दुमडल्यास. मग तू मला पाहिलंस. तू काकांना सांगितलं नाहीस, आणि बरं केलंस. त्यांनी मला मोठ्यानं बोलावलं असतं आणि तुला नाही म्हणता आलं नसतं. ती वेळ तुझी होती.

माझी नोकरी गेली. माझ्यावर खटला भरायचा की नाही, हे वरती ठरतंय. बोलावलं की जाईन, पत्ता देऊन ठेवलाय.

पण त्याआधी एक काम होतं. सोमोएच्या आणि ओमारींच्या घरची माणसं माझ्या शब्दावर विसंबून दीड वर्ष तुझ्या वडिलांना शाप देत होती. निकाल त्यांना बाजारात ऐकू यावा, असं मला नको होतं. मी सियूला गेले. सोमोएचा भाऊ दारातच उभा राहिला. सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी थोडी थांबले आणि निघाले.

मग फाझाला बी तिमाकडे. ती ओट्यावर नारळ खोवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: भोक, बूच, गाळलेले दोन शब्द, माझी आई. ती खोवत राहिली. वाटी संपली, तिनं दुसरी घेतली.

"म्हणजे बूनूचा मचवा फुटका नव्हता?"

"नाही."

"शीड जास्त होतं म्हणतेस?"

"ते स्वतःच म्हणतात. तुमच्याकडे येणार आहेत सांगायला."

"हं. शीड कोणता नाखवा कमी करतो? आमचे ओमारी असते तर त्यांनीही केलं नसतं. उलट म्हणाले असतील, चढव अजून." तिनं खोवणी बाजूला सारली. "दीड वर्ष मी बूनूच्या दारावरून जाताना थुंकत होते. त्याच्या पोरीच्या देखत. आता मी कुणावर रागावू?"

"माझ्यावर."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग शेजारची चटई पायानं माझ्याकडे ढकलली.

"बस तर मग. उभ्या माणसावर मला रागावता येत नाही, मान दुखते."

मी बसले. ती दुपारच्या नमाजापर्यंत बोलत होती आणि मी एकाही शब्दाला उत्तर दिलं नाही. नमाजाहून उठली तेव्हा म्हणाली, उद्या ये, अजून बाकी आहे.

म्हणून मी फाझालाच खोली घेतली आहे, मशिदीमागे, शिंप्याच्या वर. तुझ्या घरापासून सहा दारं. तू बोलावं असा माझा आग्रह नाही. पण यापुढे तुला मला काही सुनवायचं असेल, तर बोटीवरच्या माणसाची गरज नाही. मी घरीच असते. सकाळी मात्र बी तिमाकडे.

त्वाइबा